दुलीचंदजींचे सुळे

दुलीचंदजी माणसाच्या डोळ्यांत कधी पाहत नसत, दातांत पाहत. रस्त्यात कुणी भेटलं आणि हसलं, की यांची नजर तोंडात शिरलीच. "उजव्या दाढेले कीड लागून राहिली तुमच्या," हा त्यांचा रामराम. गोरेगावच्या आठवडी बाजारात, विळे-कोयते विकणाऱ्याच्या शेजारी, निळ्या ताडपत्रीखाली ते कवळ्यांचं दुकान मांडून बसत. मी बदली होऊन त्या तालुक्यात शिक्षक म्हणून आलो तेव्हा माझा पुढचा एक दात सुपारीनं नेला होता, आणि खोली मिळाली ती नेमकी त्यांच्या घराला लागून. त्यामुळे ओळख व्हायला दोन दिवसही लागले नाहीत.

त्यांच्या पुढ्यात एक काचेची पेटी असे. वरच्या कप्प्यात अख्ख्या बत्तिश्या आणि सुटे दात, रंगाप्रमाणे लावलेले. तंबाखू-सुपारीचा खर्रा खाणाऱ्यांसाठी मुद्दाम पिवळट केलेलेही होते. खालच्या कप्प्यावर लाल फडकं टाकलेलं. मी माप द्यायला बसलो, तोंडात गरम मेणाची लादी, बोलायची सोय नाही, आणि तेवढ्यात वाऱ्यानं ते फडकं उडालं. खाली सुळे होते. जबड्यावर बसवलेले, लांब, टोकदार, काही वर वळलेले, काही खाली, आठ-दहा जोड. मी मुळातच भित्रा माणूस. मेण तोंडात घेऊनच उठायला लागलो, तर त्यांनी खांदा दाबून खाली बसवलं.

"भेऊ नका गुरुजी. नाटकातले होत."

आमच्या झाडीपट्टीत, या धानाच्या मुलखात, कापणी झाली, दिवाळी आटोपली, की गावोगाव मंडई भरते. मंडई म्हणजे जत्रा, आणि जत्रा म्हटली की नाटक आलंच. त्या नाटकांत रक्त पिणारा कुणी असला, तर त्याचे दात दुलीचंदजींकडून जात. चाळीस वर्षं जात होते. त्यांना स्वतःला स्टेजवर कुणी पाहिलं नव्हतं, पण त्यांचे दात पाहून ज्यानं किंकाळी फोडली नाही असा माणूस या भागात शोधावा लागेल.

या दातांचं एक व्रत होतं. नवा जोड तयार झाला की ते तो सरळ कुणाच्या हातात देत नसत. वाटीभर तांदळात दिवसभर पुरून ठेवत. मग ते तांदूळ पाखरांना टाकत आणि दात गिऱ्हाइकाला देत. मी विचारलं, हे कशासाठी? तर म्हणाले, "भुकेले दात कोनाच्या तोंडात घालू नाही जी. पहिले त्याइले जेवू द्या." असं बोलताना ते हसत नसत. आणि मी, शाळेत अंधश्रद्धेवर धडा शिकवणारा माणूस, माझ्या नव्या दातानं पहिला घास मुकाट्यानं भाताचाच घेतला.

बापाच्या हाताखाली त्यांनी पहिला जोड केला तो बैलाच्या शिंगाचा. दोऱ्यानं कानामागे बांधायचा. तेव्हाचा रक्त पिणारा काजळी फासलेला, केस मोकळे सोडलेला, आणि तो स्टेजवरून यायचाच नाही. प्रेक्षकांच्या मागून, धसकटं राहिलेल्या धानाच्या बांधीतून यायचा. बोलायचा नाही. त्याला नाव नव्हतं, गाव नव्हतं, दुःख तर मुळीच नव्हतं. "आला का लोकं लेकराइले पोटाशी धरत," दुलीचंदजी सांगत. "भेव बाहेरून ये. अन् लेकरू आईच्या पदरात घुसे. मामला खतम."

मग गावात व्हिडिओ आला. जनरेटर, रंगीत टीव्ही, आणि त्यात परदेशातला रक्त पिणारा: गोरापान, केस चापून बसवलेले, काळा कोट, वाकून नमस्कार करणारा. नाटक कंपन्यांनाही तसलाच हवा झाला. एका नटानं तर गोंदियाच्या वकिलाचा कोट उसना आणला होता. सुळे दोनच उरले, तेही तोंड मिटलं की दिसायचे नाहीत. दुलीचंदजींना हे पसंत नव्हतं. त्यांनी एकदा बायांच्या घोळक्यातून ऐकलं होतं, "मानूस तं देखना आहे वो!" तो दारात उभा राहून आत येऊ का म्हणून विचारायचा, आणि घरचे या म्हणायचे. "जो हाकलला जात नाही, त्याचं जास्त भेव लागते गुरुजी," ते म्हणाले होते, आणि सांगताना स्वतःच्या दाराकडे त्यांनी एकदा पाहिलं.

पुढे केबल आली आणि रक्त पिणारा प्रेमात पडायला लागला. सुळे तांदळाएवढे झाले, कारण मोठ्या सुळ्यांनी गाणं म्हणता येत नाही. तिसऱ्या रांगेपलीकडे ते दिसतही नसत. मग मोबाइल आले. त्यातल्या कार्टूनमधला रक्त पिणारा शाळेत जाई आणि टमाट्याचा सॉस पिई. माझ्या वर्गातली पोरं त्याला पाहून खदखदा हसत. दुलीचंदजी पेटीतले जुने सुळे पुसत पुटपुटत, "भेवाचे दातच पाडले या लोकाइनं."

एवढं सगळ्यांना भिववणारा हा माणूस स्वतः कशाला भीत होता, हे मला फार अवघड जागी कळलं. शाळेत रक्तदान शिबिर होतं. मी सकाळीच सर्दीचं निमित्त काढलं आणि शिंकत शिंकत शाळेमागच्या कडुलिंबाआड जाऊन उभा राहिलो. तिथं आधीच एक जण उभा होता.

"तुमी बी?" दुलीचंदजी म्हणाले.

"मीही," मी म्हणालो.

"सुई पाह्यली का माझं सारं आंग थंडं पडते." मग दोघंही रक्तपेढीची गाडी जाईपर्यंत तिथंच उभे राहिलो, एकमेकांकडे न पाहता. त्या दिवसापासून आमची खरी दोस्ती झाली. आज आठवलं की लाज वाटते. कारण त्याच आठवड्यात रोशनीला रक्ताची पिशवी लागली होती, आणि ती दुसऱ्या कुणाच्या तरी रक्ताची होती.

रोशनी त्यांची नात. आईबाप नागपूरला बांधकामावर, ही आजोबांपाशी. माझ्या पाचवीच्या वर्गात होती. अक्षर मोत्यासारखं, अंग काडीसारखं. तिला सिकलसेल होता. आमच्या भागात हे नाव घराघराला माहीत आहे. रक्तातल्या पेशी वाकड्या होतात, अडकतात, हाडं ठणकतात, आणि रक्त उतरत जातं. ते फार उतरलं की गोंदियाला नेऊन पिशवी लावायची. डॉक्टरांनी समजावताना कागदावर विळा काढून दाखवला होता. त्याच्या पुढच्या बाजारी दुलीचंदजींनी वीस वर्षांची जागा सोडली आणि विळेवाल्यापासून दूर, बांगडीवाल्याच्या शेजारी ताडपत्री बांधली. विळेवाला रागावला. यांनी कारण सांगितलं नाही.

आणि मग त्यांच्या हातून ती चूक झाली. दात बसवणाऱ्याचा पहिला नेम असा, की एकाचं माप दुसऱ्याला लावायचं नाही. त्या वर्षी वडशाकडच्या एका कंपनीनं नवं नाटक काढलं. त्यात रक्त पिणारी होती दहा वर्षांची पोरगी. तिला रक्त प्यायचं नसतं, पण प्यायल्याशिवाय ती जगत नसते. मंडई चार दिवसांवर, नटी मुलगी दूरच्या गावी, मापाला वेळ नाही. दुलीचंदजींनी रोशनीला हाक मारली, तोंडात मेण दिलं आणि म्हणाले, "चाव." ते दात तांदळात ठेवायलाही सवड झाली नाही. कंपनीचा माणूस मोटरसायकल चालू ठेवूनच दारात उभा होता.

नाटक आम्ही सगळ्यांनी पाहिलं. रोशनी माझ्या आणि आजोबांच्या मध्ये बसली होती. स्टेजवरची पोर रडत म्हणे, मला नको, मला नको. मग तिची आई दंड पुढे करी, पांढरी पडून कोसळे. मग शेजारीण. मग तिचे गुरुजी. मंडपभर बाया डोळे पुसत होत्या. "बिचारी वो, तिचा काय दोष?" मलाही भरून आलं. रोशनी मात्र रडली नाही. ती त्या पोरीकडे पाहतच नव्हती. ती खाली पडलेल्या माणसांकडे पाहत होती, आणि तिचा हात तिच्याच दंडावर, मागची सुई टोचली होती त्या जागेवर होता. मी ते पाहिलं. दुलीचंदजींनीही पाहिलं असावं. घरी जाताना सारी वाट त्यांनी तिचा तो दंड धरून ठेवला होता.

दुसऱ्या दिवशी शाळेत कुणीतरी तिला "रगतपेणी" म्हणालं. पोरांनी ते नाव उचललं. मी रागावलो, अंगठे धरायला लावलं, काही उपयोग झाला नाही. काजळी फासलेल्या जुन्या राक्षसाचं नाव त्यांनी तिला कधी दिलं नसतं. तो त्यांच्यातला नव्हताच. ही नवी मात्र फ्रॉक घालणारी होती, वेणी घालणारी, शाळेत जाणारी. जुन्या राक्षसाला भिऊन पोरं आईच्या पदरात शिरत. हिनं कुठं शिरायचं?

पौषात तिचं दुखणं उलटलं. गुडघे सुजले, डोळे पिवळे झाले, नखं कागदासारखी पांढरी. मी रजा टाकून त्यांच्याबरोबर गोंदियाच्या सरकारी दवाखान्यात गेलो. पिशवी आली, नर्सनं हात मागितला, आणि रोशनीनं मूठ आवळून हात पोटाखाली घेतला.

"मी नाही पेणार."

"पीना नहीं है बेटा, बॉटल लगानी है," नर्स म्हणाली.

रोशनीनं फ्रॉकच्या खिशात हात घातला आणि तोंडाला लावला. मग ओठ उघडले. ते सुळे होते. एक हलायला लागला म्हणून कंपनीनं दुरुस्तीला परत पाठवलेले, पेटीतून तिनं कधी काढले कुणाला ठाऊक. पांढऱ्या पडलेल्या हिरड्यांवर ते असे चपखल बसले होते, जणू तिथंच उगवले. आयुष्यात मी तेवढा कधी भ्यालो नाही. दुलीचंदजींनी भिंत धरली.

"पाहा ना आबाजी, माझ्या तोंडात बसतेत. माझेच आहेत." मग तिनं पिशवीकडे बोट केलं. "हे कोनाचं होये? त्याच्यावर नाव काऊन नाही?"

"नाव नसते बेटा," मी म्हणालो.

"मागच्या वेळी ज्यानं देल्लं, तो कोठी आहे?"

दिलेल्या रक्ताचं नाव कुणी सांगत नाही, तसा नियमच आहे. आम्ही तिघं मोठी माणसं गप्प उभे राहिलो, आणि त्या गप्प राहण्याचा अर्थ, तो मेला असणार, असा तिनं लावला. तिनं सुळे काढून उशीखाली ठेवले आणि भिंतीकडे तोंड केलं. डॉक्टर आले, समजावून गेले. बळजबरी केली तर ती सुई उपटून टाकत होती. दुपार झाली. तिचा श्वास उथळ होत चालला होता, आणि दुलीचंदजी दर पाच मिनिटांनी तिचं नख दाबून पाहत होते, दाबलेल्या जागी लाली परत येते का म्हणून. येत नव्हती.

मग ते उठले. "गुरुजी, माझा हात धरा," म्हणाले.

रक्तपेढी त्याच मजल्यावर, समोरच होती. नर्सनं नियम थोडा बाजूला ठेवला आणि रोशनीला चाकाच्या खुर्चीत बसवून दारात आणलं. अठ्ठावन्न वर्षांचे दुलीचंदजी, तपासणीत सगळं ठीक निघालेलं, खाटेवर आडवे झाले. त्यांचा हात माझ्या हातात बर्फासारखा होता. सुई गेली तेव्हा त्यांनी छताकडे पाहत काहीतरी पुटपुटायला सुरुवात केली. मी कान दिला, तर ते दाढांची नावं होती, एकामागून एक, खालचा जबडा आणि मग वरचा. पिशवी भरत गेली. त्यांचा चेहरा पांढरा होत गेला, अगदी नाटकातल्यासारखा, आणि दारातून ती टक लावून पाहत होती.

"हो गया दादाजी, अभी उठना मत," रक्तपेढीतल्या बाई म्हणाल्या. पण ते उठले. नातीला दाखवायचं होतं ना! दोन पावलं टाकली, तिच्याकडे पाहून हसले, आणि धाडकन कोसळले. त्यांची स्वतःची कवळी तोंडातून निसटून फरशीवर घरंगळत गेली.

"आबाजी!" ती किंकाळी मला अजून ऐकू येते. ती खुर्चीतून उठायला धडपडत होती, नर्स तिला धरून होती, आणि मी, त्यांचा हात धरायला आणलेला माणूस, जागचा हललोसुद्धा नाही. मला वाटलं, संपलं. ती ज्याला भीत होती तेच आम्ही तिला तिच्या डोळ्यांदेखत करून दाखवलं.

फरशीवरून बोळका आवाज आला. "गुरुजी... माझी कवळी पाहा ना कोठी गेली ते."

रोशनी थिजली. "तुमी मेले नाही?"

"मेलो असतो तं दात मांगलो असतो काय वो?"

बाईंनी त्यांचे पाय उचलून धरले, थोड्या वेळानं बसवलं, चहा-बिस्किट दिलं. बिनदाताचे ते चहात बिस्किट बुडवून चोखत होते. रोशनीनं त्यांना दारापर्यंत चालून दाखवायला लावलं. मग परत यायला लावलं. मग पुन्हा एकदा. त्यांचं रक्त तिला मिळणार नव्हतं, ते दुसऱ्या कुणाला जाणार होतं. हे बाईंनी सांगितल्यावर ते तिला म्हणाले, "तुले ज्यानं देल्लं ना, तो बी असाच चहा पिऊन घरी गेला असंन. माझ्यासारखा पडला नसंन म्हना." तिनं बिस्किटाच्या चुऱ्याकडे पाहिलं, रिकाम्या कपाकडे पाहिलं, आणि मूठ उघडली.

ती घरी आली, पण नाव तिच्या आधी पोचलेलं होतं. पोरं विसरली नव्हती. तेव्हा दुलीचंदजींनी आयुष्यात पहिल्यांदा स्वतःसाठी सुळे करायला घेतले. स्वतःच्या जुन्या कवळीवर चार सुळे चढवले, दोन वर, दोन खाली, बापानं शिकवले होते तसे, शिंगासारखे. वाटीभर तांदळात दिवसभर ठेवले. पुढच्या बाजारी ते घालून ताडपत्रीखाली बसले. भर दुपारी, उन्हात! कुणी कवळी बघायला वाकलं, की तोंड उघडून विचारत, "ग्रुप कोनता?" बाया किंचाळत, मग हसत, आणि हसता हसता सांगून टाकत. रोशनी शेजारी वही घेऊन बसे आणि मोत्यासारख्या अक्षरात नाव, गाव, फोन उतरवून घेई. बाजारातली पोरं "रगतपेणा आला, रगतपेणा आला" करत पळायला लागली. महिनाभरात ते नाव तिच्यावरून उतरून यांच्यावर चढलं, आणि यांनी ते मिरवलं.

मी त्यांना एकदा म्हणालो, चाळीस वर्षांत किती तऱ्हा पाहिल्यात, ही कोणती? ते विचार करून म्हणाले, "पहिला वढून नेत होता. मंग आला तो फसवत होता. मंग तो रडत होता. हा इचारते." दर तीन महिन्यांनी ते वहीतल्या दोघातिघांना घेऊन गोंदियाला जात, स्वतःही देत, आणि दरवेळी दाढांची नावं म्हणत. भीती काही गेली नव्हती. घराबाहेर आता ते माणसांचे दातही पाहत नसत, नखं पाहत. तिची तर येता-जाता. दर हिवाळा ते जीव मुठीत धरून काढत होते.

मला मात्र त्यांनी कधी विचारलं नाही. कडुलिंबामागची आठवण दोघांनाही होती.

गेल्या वर्षी माझी बदली झाली. गोरेगावच्या स्टँडवर एसटीत बसलो, बाजाराचा दिवस होता, आणि खिडकीशी एकदम ते चार सुळे आले. सवयीनं मी दचकलोच. मागे रोशनी, हातात वही. आता सातवीत गेली होती.

"गुरुजी, वहीत तुमचं नाव नाही," ती म्हणाली.

दुलीचंदजी दुसरीकडे पाहायला लागले. मी खिडकीच्या गजावरचा माझा हात पाहिला. मी तो आत ओढून घेतला.

"बी पॉझिटिव्ह," मी म्हणालो. "फोन तुला माहीत आहे."

तिनं लिहून घेतलं. "भेव लागते?"

"लागतं."

"आबाजीले बी लागते," ती म्हणाली आणि वही मिटली.

कंडक्टरनं घंटी मारली, पण पुढं बैलगाडी आडवी होती म्हणून गाडी जागेवरच राहिली. दुलीचंदजी पुढच्या खिडकीशी गेले आणि तोंड उघडून ग्रुप विचारला. तिथं बसलेल्या अनोळखी माणसानं ते तोंड पाहिलं आणि घाबरून काच ओढून घेतली. दुलीचंदजींनी सुळे काढून हातात घेतले, आणि बोळक्या तोंडानं, काचेबाहेरून, त्याला पुन्हा विचारलं.